आराखड्याच्या आधी ग्रामसभा



स्मृतिव्याख्यान म्हणजे केवळ गुणवर्णन नव्हे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो त्यांना सतावणारे प्रश्न आणखी एक पाऊल पुढे न्यायचे, ही महाराष्ट्रातल्या व्याख्यानमालांची जुनी रीत आहे. त्या रीतीला धरून मी आज मुळशी तालुक्याच्या जमिनीविषयी बोलणार आहे. कोणत्या जमिनीत भात पिकावा, कुठे घरे उभी राहावीत, कोणता डोंगर मोकळा राहावा आणि रस्ता कोणाच्या शेतातून जावा, हे कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून ठरवायचे, एवढाच माझा विषय. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. गेली शंभर वर्षे मुळशीच्या जमिनीचा निर्णय आधी झाला आणि मुळशीकरांना विचारणे नंतर झाले. जाहीर चर्चेची जागा निर्णयानंतरच्या हरकतीने घेतली. ही क्रमवारी उलटी केल्याशिवाय इथे कोणताही आराखडा टिकणार नाही, आणि टिकला तरी तो न्यायाचा ठरणार नाही.

आधी भूगोल पाहू. मुळशी हा उतरता तालुका आहे. पश्चिमेला ताम्हिणीचा घाटमाथा, मध्ये पौड, कोळवण आणि मुठा नदीची खोरी, आणि पूर्वेला पिरंगुट, भूगाव, माण, हिंजवडी अशी शहराला भिडलेली गावे. घाटमाथ्यावरचा पाऊस देशातल्या मोठ्या पावसांत मोजला जातो. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस झाला. हे पाणी मुळा आणि मुठा या नद्यांनी पुण्याकडे येते. पुण्याला पाणी देणाऱ्या धरणांपैकी टेमघर धरण याच तालुक्यात आहे. म्हणजे वरच्या गावात डोंगर फोडला, भातखाचरे सपाट केली, ओढा वळवला, तर त्याचा परिणाम त्या गावाच्या शिवेवर थांबत नाही. 2025 च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा बुजवलेल्या आणि अडवलेल्या ओढ्यानाल्यांची गाऱ्हाणी सगळ्यांनी मांडली. ते ओढे एका रात्रीत बुजले नव्हते. एकेका गट नंबरावरच्या एकेका परवानगीने, आणि कित्येक ठिकाणी परवानगीशिवायच, ते आक्रसत गेले. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या 1 लाख 71 हजार होती. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि वाढ मात्र थांबली नाही. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. बाकीची गावे मधल्या अवस्थेत आहेत. कारभार ग्रामपंचायतीचा आणि भार शहराचा, अशी ही अवस्था आहे.

आता इतिहास. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमापाशी धरण आखले होते आणि सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमीन मिळवून देण्याचे ठरवले होते. पन्नासहून अधिक गावे त्यात जाणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी मावळ्यांना उभे केले. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. त्यांच्या अभ्यासातला एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि ती कसत होते मावळे. सावकाराला जमिनीचा भरपूर मोबदला मिळाला तरी चालणार होते, मावळ्याला जमीनच हवी होती. सरकारने आणि कंपनीने चर्चा केली ती मोबदल्याची. जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी सुटलेला होता. सत्याग्रह 1924 मध्ये संपला, 1927 मध्ये धरण पूर्ण झाले, आणि पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहाकडे गेले. वीज आवश्यक नव्हती असे मी म्हणत नाही. खोऱ्यातल्या माणसांना ‘किती’ एवढेच विचारले गेले, ‘का’ आणि ‘इथेच का’ हे विचारण्याची वेळ त्यांच्यापर्यंत आलीच नाही, हे माझे म्हणणे आहे.

याच वर्षांत, 1919 ते 1924 या काळात, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस शिकवत होते. नगररचनेच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. नदीचे खोरे डोंगरमाथ्यापासून मुखापर्यंत सलग पाहावे, कारण माणसांचे व्यवसाय आणि वस्त्या त्या उतारावरच आकार घेतात, ही त्यांची शिकवण. आराखडा लोकांपुढे प्रदर्शन म्हणून मांडावा आणि लोकांनी त्यावर बोलावे, असेही ते सांगत. मुंबईत हा विचार शिकवला जात होता तेव्हा मुंबईच्याच विजेसाठी एक आख्खे खोरे कोणतीही लोकपाहणी न होता बुडत होते. म्हणजे योग्य पद्धत कोणती हे तेव्हा ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये.

दुसरा प्रसंग मोसे खोऱ्याचा. राज्य सरकारने 1996 मध्ये खासगी थंड हवेच्या ठिकाणांसाठी नियमावली केली आणि 2001 मध्ये मुळशी व वेल्हे तालुक्यांतली 18 गावे हिल स्टेशन म्हणून अधिसूचित केली. तिथे एका खासगी कंपनीचे लवासा हे शहर उभे राहू लागले. 2008 मध्ये याच कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे बांधणारा आणि बांधकामाला परवानगी देणारा एकच झाला. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवायला सांगितले. वर्षभराने अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. 2017 मध्ये राज्य सरकारने प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या प्रकरणात कोणाचे किती चुकले, हे न्यायालयांनी आणि लेखापरीक्षकांनी तपासले आहे. मला एकच गोष्ट दाखवायची आहे. घरे घेणारे, कर्ज देणाऱ्या बँका, जमीन विकलेले शेतकरी, नोकरीच्या आशेने थांबलेले तरुण, सगळेच अडकले. जिथे निर्णयाआधी उघड चर्चा होत नाही तिथे चुकीची किंमत फक्त गरीब भरतो असे नाही. गुंतवणूक करणाऱ्यालाही ती भरावी लागते.

तिसरा प्रसंग ताजा आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 मध्ये स्थापन झाले. त्याच्या कक्षेत आठशेहून अधिक गावे आली आणि मुळशी त्यांतलाच एक तालुका. 2021 च्या पावसाळ्यात प्राधिकरणाने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. हरकतींसाठी कायद्याप्रमाणे मुदत दिली, ती पुढे वाढवली, आणि 67 हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. सुनावण्या झाल्या. घटनेने सांगितलेल्या महानगर नियोजन समितीला डावलले गेल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेली. अखेर 2025 मध्ये राज्य सरकारने तो प्रारूप आराखडाच रद्द केला. एवढी वर्षे, एवढी कागदपत्रे, आणि आपण पुन्हा 1997 च्या प्रादेशिक योजनेवर उभे आहोत. ती योजना मंजूर झाली तेव्हा हिंजवडीचा आयटी पार्क आजच्या रूपात कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

या 67 हजार हरकतींकडे जरा थांबून पाहायला हवे. सरकारी दप्तरात त्या लोकसहभागाचा पुरावा म्हणून नोंदल्या जातात. माझ्या मते त्या लोकसहभाग न झाल्याचा पुरावा आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्यात आराखडा आधी तयार होतो, मग प्रसिद्ध होतो, मग नागरिक हरकत घेतो, मग समिती त्याचे म्हणणे ऐकते. नागरिक तिथे येतो तो आपला सातबारा हातात घेऊन. माझ्या गटावरचे आरक्षण उठवा, रस्ता शेजारच्या बांधावरून न्या, माझी जमीन ग्रीन झोनमधून यलो झोनमध्ये टाका. यात त्याचा दोष नाही. कायद्याने त्याला बोलायची जी एकमेव जागा दिली आहे तिथे तो बहुधा आपल्या गटापुरतेच बोलतो. पण ओढ्याच्या वतीने हरकत कोण घेणार? गायरानाच्या वतीने? खालच्या गावाला पूर येईल म्हणून वरच्या गावच्या डोंगरउतारावर कोण बोलणार? हजारो एकेकट्या हरकतींची बेरीज करून खोऱ्याचे हित निघत नाही. त्यातून निघतो तो फक्त ज्याची पोहोच जास्त त्याचा फायदा. नकाशावरचा रंग बदलला की जमिनीचा भाव कित्येक पटींनी बदलतो, आणि हा रंग बदलणार असल्याचे शेतकऱ्याच्या आधी एजंटाला कळते. ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट 2018 मध्ये आला आणि जमीन विकून मोकळ्या झालेल्या घरांची वाताहत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पडद्यावर गुन्हेगारी अधिक दिसली. तिच्या मुळाशी असलेला व्यवहार, म्हणजे एकाला ठाऊक असलेली आणि दुसऱ्यापासून लपलेली आराखड्याची माहिती, तो मात्र सभेत किंवा बैठकीत क्वचितच निघतो.

शिवाय नियमांतच दोन वाटा आहेत. प्रादेशिक योजनेत शेती विभाग म्हणून दाखवलेल्या जमिनीवर शंभर एकर एकत्र केले की अधिमूल्य भरून नगर वसाहत करता येते. पण त्याच गावातल्या शेतकऱ्याला वाटणीनंतर धाकट्या मुलासाठी घर बांधायचे असेल तर गावठाणाची जुनी हद्द आडवी येते. डोंगराकडच्या कित्येक वाड्यावस्त्या गावठाणाबाहेर आहेत, म्हणून पिढीजात वस्तीवरचे नवे घर कागदावर अनधिकृत ठरते. मोठ्याला वाट आणि लहानाला अडवणूक, असा अनुभव ज्याच्या वाट्याला येतो त्याला पश्चिम घाटाच्या संरक्षणाबद्दल सांगायला गेले की तो ऐकून घेत नाही. कस्तुरीरंगन समितीच्या 2013 च्या अहवालानंतर केंद्र सरकार 2014 पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना काढत आहे. सहावी प्रारूप अधिसूचना जुलै 2024 ची आहे. दर वेळी घाटावरच्या गावांत भीती पसरते, कारण दर वेळी गावांच्या नावांची यादी वरून येते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्येच सुचवले होते की संवेदनशीलतेचा आपला प्रस्ताव ग्रामसभांपुढे ठेवावा आणि त्यांच्या मताने तो पक्का करावा. त्या अहवालातली ही लोकशाहीची बाजू सर्वांत आधी दुर्लक्षिली गेली.

मग करायचे काय? नवा आराखडा आता करावाच लागणार आहे. तो करताना क्रम बदलावा. पहिली पायरी पाहणीची. मुळा, मुठा, मोसे आणि कोळवण ही खोरी एकेक धरून उतार, ओढे, झरे, भातजमीन, गायरान, देवराई, वस्त्या आणि बेकायदा उभे राहिलेले बांधकाम यांचा नकाशा गट नंबरांसह मराठीत तयार करावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. या पायरीला एकही रंग भरू नये. दुसरी पायरी ग्रामसभेची. प्रत्येक गावाने पुढच्या वीस वर्षांत आपल्याला घरांसाठी, शाळेसाठी, स्मशानभूमीसाठी, कचऱ्यासाठी किती जागा लागेल हे सांगावे आणि कोणती जमीन काही झाले तरी शेतीतच ठेवायची हे ठरवावे. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या खाचरांत तो पिकतो ती उरली नाहीत तर मानांकनाचा कागद काय कामाचा? तिसरी पायरी खोऱ्याच्या बैठकीची. वरच्या आणि खालच्या गावांचे प्रतिनिधी एकत्र बसतील आणि पाण्याचा, रस्त्याचा हिशेब तिथे होईल. यानंतर नगररचनाकाराने प्रारूप काढावे. हरकतीचा हक्क तेव्हाही राहील, पण ती हरकत झालेल्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर येईल.

हे नवे किंवा अशक्य नाही. गोव्यात 2011 सालासाठीच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक उठले आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालील कृतिदलाने पंचायतवार नकाशे लोकांपुढे ठेवले. तिथलाही शेवट सुखाचा नाही. पुढे कायद्यात बदल करून एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट काढली गेली आणि तो वाद न्यायालयात गेला. म्हणजे सामूहिक आराखडा करणे पुरेसे नाही, मागच्या दाराने होणारे फेरबदलही ग्रामसभेपुढे कारणांसह आले पाहिजेत, हा धडा गोव्याने आपल्याला दिला आहे. आपल्या गावांनाही नियोजनाची सवय नाही असे नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून ग्रामपंचायती आपला वार्षिक आराखडा करतात. पण तो निधीचा आराखडा असतो. पैसा कुठे खर्च करायचा हे गावाने ठरवायचे आणि जमीन कशाला वापरायची हे मात्र प्राधिकरणाच्या आकुर्डीतल्या किंवा सरकारच्या मुंबईतल्या कार्यालयाने, ही फारकत मिटवली पाहिजे.

यावर चार आक्षेप गांभीर्याने घेतले जातात. पहिला आक्षेप तज्ज्ञतेचा. उतारावरची माती किती पाणी धरते, मोठ्या रस्त्याची आखणी कशी करायची, हे ग्रामसभेला कसे कळणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच सगळे मतदानावर सोडू नये. ओढ्याचे पात्र, तीव्र डोंगरउतार, धरणांचे पाणलोट, पूररेषा या गोष्टी शास्त्राने ठरवाव्यात आणि त्यांवर कोणाचेही बहुमत चालू नये, गावाचेही नाही आणि मंत्रालयाचेही नाही. पण झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणता ओढा कोणाच्या बांधकामाने अडला, गाळ कुठे साचतो, हे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिने आपले जंगल स्वतः सांभाळले. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला आणि गावची जमीन बाहेरच्यांना न विकण्याचा निर्णय पाळला. अज्ञान हे गावांचे लक्षण नाही. माहिती न दिल्याचा तो परिणाम आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या हक्काचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. शहरातल्या माणसाने आपला फ्लॅट हव्या त्या भावाला विकावा, आणि मावळ्याने मात्र पुण्याला हिरवाई दिसावी म्हणून आपली जमीन स्वस्त ठेवावी, हे कोणत्या न्यायात बसते? ज्यांनी स्वतः अकरा गुंठ्यांवर फार्महाऊस बांधले त्यांनी निसर्गाचे प्रवचन करू नये, असेही लोक म्हणतात. ते रागाने म्हणतात, पण चुकीचे म्हणत नाहीत. म्हणूनच ज्या जमिनीवर सार्वजनिक हितासाठी बंधन येईल तिच्या मालकाला सार्वजनिक तिजोरीतून मोल मिळाले पाहिजे. पुण्याचे पाणी ज्या पाणलोटातून येते त्याला पुण्याने पाणीपट्टीतून काही देणे ही मेहेरबानी नव्हे, देणे आहे. विकास हक्क हस्तांतरणाची पद्धत आपल्या कायद्यात आहेच, ती उतारावरच्या शेतीसाठीही वापरावी. आणि जिथे विकास व्हायचाच आहे तिथे शेतकऱ्याने विकून बाजूला होण्याऐवजी भागीदार व्हावे. मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली. ते उदाहरण पुण्याच्याच हद्दीतले आहे. माण-म्हाळुंग्याच्या नगररचना योजनेतही जमीन देणाऱ्याला विकसित भूखंड परत मिळण्याचे तत्त्व आहे. तपशिलात मतभेद असतील, तरी कसणाऱ्याचा वाटा कायम ठेवणारी ही दिशा योग्य आहे.

तिसरा आक्षेप असा की ग्रामसभाच विकली जाते. सरपंच स्वतः जमिनीच्या धंद्यात असतो, सभेची गणपूर्ती कागदावर होते, बायकांना बोलू दिले जात नाही. हा आक्षेप ऐकून मी ग्रामसभेवरचा विश्वास सोडणार नाही, पण तिच्यावरची जबाबदारी वाढवीन. जमीनवापराच्या ठरावासाठी महिलासभा आधी व्हावी. सभेचे चित्रीकरण व्हावे. पदाधिकाऱ्यांनी आपल्या आणि कुटुंबाच्या नावावरच्या जमिनी जाहीर कराव्यात. गैरव्यवहार गावात होतो तेव्हा तो निदान गावाला दिसतो. लवासाच्या बाबतीत सगळी कागदपत्रे वरच्या कचेऱ्यांत फिरली आणि खाली कोणालाच काही दिसले नाही.

चौथा आक्षेप उशिराचा. आधीच घरांची टंचाई आहे, चर्चेत वर्षे जातील आणि तोवर बेकायदा बांधकामे सगळे गिळून टाकतील. पण घाईने केलेला आराखडा किती वेगाने पार पडला ते आपण पाहिलेच. 2021 ते 2025 एवढा काळ गेला आणि हाती काही लागले नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला आणि त्याची मुदत वाढवून 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आणावी लागली. आधी होऊ द्यायचे आणि मग नियमित करायचे, हाच आपला खरा आराखडा होऊन बसला आहे. दीड-दोन वर्षे मोकळ्या चर्चेला दिली तर ती वाया जाणार नाहीत. ज्या गावाने नकाशा स्वतः केला ते गाव त्याची राखणही करील, आणि अतिक्रमण झाल्याची पहिली खबर तेच देईल.

घटनेने ही वाट आखून दिलेली आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला स्थान दिले. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने महानगर नियोजन समिती आणली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि सरपंचांनी आपल्यातून निवडलेले असावेत असे सांगितले. या समितीची नियमित बैठक घेणे, तिच्यापुढे खोरेनिहाय आराखडे ठेवणे आणि तिचा निर्णय मानणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती राज्यकर्त्यांची तयारी.

मुळशीकरांना आणि पुणेकरांना माझी विनंती आहे. नव्या आराखड्याची अधिसूचना निघेपर्यंत थांबू नका. येत्या ग्रामसभेत आपल्या गावाचा नकाशा मागा आणि ओढे, गायराने, गावठाणाची वाढ व भातजमीन यांचा ठराव लेखी करून प्राधिकरणाकडे पाठवा. पुण्यातल्या नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला विचारावे की पाणी देणाऱ्या खोऱ्यासाठी शहर काय देणार आहे. शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या माणसांना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी तुरुंगात जावे लागले. आज त्यासाठी ग्रामसभेला जाणे पुरेसे आहे, तेवढे तरी आपण केलेच पाहिजे.